वारा थांबला, हे कळणार कसं?

वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

गेल्या अंकात सेल्फ-पॉवर्ड वायुप्रवाह सेन्सरवर अर्ध्या पानाची टीप होती. ज्या वाऱ्यावर लक्ष ठेवायचं, त्याच वाऱ्याकडून स्वतःपुरती वीज काढून घेणारा सेन्सर, एवढंच त्यात सांगितलं होतं, आणि उदाहरण म्हणून वाऱ्यात फडफडणाऱ्या पट्टीचा उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत सोलापूरकरांची पत्रं सगळ्यांत जास्त. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या टॉवेलच्या शेडमध्ये भिंतीत चार एक्झॉस्ट फॅन आहेत. एखादा बंद पडला तर तासन्‌तास कुणाच्या लक्षात येत नाही. लूमच्या खडखडाटात फॅनचा आवाज कुठला ऐकू येतोय! बॅटरी बदलण्याच्या भानगडीत न पडता काही लावता येईल का? तुमच्या टीपेतली फडफडणारी पट्टी चालेल का?
— कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : सेन्सर जरूर लावा, पट्टीचा मात्र नको. कारण तुमच्याच शेडमध्ये आहे.

पट्टीचा सेन्सर घर्षणाच्या विजेवर चालतो. टेफ्लॉनसारखी पातळ फिल्म वाऱ्याने फडफडते, वरच्या आणि खालच्या तांब्याच्या पट्टीला आळीपाळीने शिवते, तिच्यावर चार्ज बसतो, आणि तो चार्ज वर-खाली होताना दोन पट्ट्यांमधल्या वायरीतून थोडा थोडा प्रवाह ढकलतो. आता तुमची शेड बघा. सुताची ताकद टिकावी, धागा कमी तुटावा आणि स्थितिक वीज मरावी म्हणून तुम्ही ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ७५-८० टक्क्यांपर्यंत नेता. ज्या चार्जला मारायला तुम्ही पाणी फवारता, त्याच चार्जवर हा सेन्सर जगतो. फिल्मवर ओलाव्याचा न दिसणारा थर बसला की चार्ज त्यावरून सरकून निघून जातो. जो काही उरतो, तो हवेतली सुताची रुई ओढून घेतो. प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसंच. चार दिवसांत फिल्म जाड आणि जड होऊन पडून राहील.

तुमच्याकडे वारा जोराचा आहे, तर छोट्या मोटरच्या दांड्यावर साधी भिंगरी लावा; वाऱ्याने फिरली की मोटरच वीज देते. हिशेब सोपा आहे. वाऱ्यातली ताकद म्हणजे हवेच्या घनतेच्या निम्मे, गुणिले वेगाचा घन, गुणिले भिंगरीचं क्षेत्रफळ. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. उन्हाळ्यात ४० अंशांना इथली हवा दर घनमीटरला जेमतेम १.०७ किलो भरते. फॅनच्या तोंडाशी ६ मीटर प्रति सेकंद वेग धरला आणि ६० मिलिमीटर व्यासाची भिंगरी घेतली, तर तिच्यातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे ३३० मिलिवॉट असतात. छोट्या भिंगरीने त्यातले दहा टक्के जरी पकडले तरी ३०-३२ मिलिवॉट हाती येतात. लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओचा एक छोटा संदेश पाठवायला साधारण १० मिलिज्यूल लागतात. म्हणजे दर दहा सेकंदांनी ‘मी फिरतेय’ असं कळवूनही वीज शिल्लक राहते.

बसवताना चार गोष्टी सांभाळा. भिंगरी फॅनच्या बाहेरच्या, म्हणजे हवा फेकण्याच्या बाजूला, पात्यांच्या टोकांसमोर धरा. मध्ये, मोटरच्या बरोबर पुढे, वारा जवळजवळ नसतोच आणि तिथली भिंगरी कायम खोटं बोलते. बेअरिंग दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेलं, झेडझेड शिक्क्याचं घ्या, आणि दांड्यावर शंकूच्या आकाराची टोपी बसवा, नाहीतर रुई दांड्याला दोऱ्यासारखी गुंडाळली जाते. आठवड्यातून एकदा फॅन बंद करून साफसफाई करा. कॉम्प्रेसरची हवा मारताना भिंगरी बोटाने धरून ठेवायला विसरू नका. मोकळी सोडली तर ती अशी सुसाट फिरते की निघालेला व्होल्टेज पुढचं सर्किट जाळतो. त्यासाठी डीसीच्या बाजूला ५.६ व्होल्टचा, १ वॉटचा झेनर डायोड, म्हणजे जादा व्होल्टेज छाटणारा, असलेला बरा.

फॅनच्या मोटरचा करंट मोजणारा रिले लावला की काम भागतं, असं पुष्कळ वायरमन सांगतात. भागत नाही. बेल्ट तुटला तरी मोटर करंट घेत राहते. दुसरी फसगत याहून गमतीची आहे. दुरुस्तीनंतर थ्री-फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर फॅन उलटा फिरून बाहेरची हवा आत ढकलतो, आणि करंट बघून काहीच कळत नाही. भिंगरी डीसी मोटरची असेल तर उलट्या वाऱ्यात तिचं प्लस-मायनस बदलतं, म्हणजे ही चूकही पकडता येते. पण बहुतेक लोक ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे प्रवाह एकाच दिशेला वळवणारं चार डायोडांचं सर्किट, लावतात, आणि ब्रिज दोन्ही दिशांना एकच करून टाकतो. म्हणून ब्रिजच्या आधी एक बारीक टॅप काढून दिशा वाचा.

सगळ्यांत महत्त्वाचं सर्किटच्या बाहेर आहे. वारा थांबला की हा सेन्सर गप्प होतो, आणि मेला तरी गप्पच होतो. म्हणून त्याने ‘फॅन बंद पडला’ असा संदेश पाठवावा अशी अपेक्षाच ठेवू नका. तो संदेश पाठवायला त्याच्याकडे तेव्हा वीजच नसते. त्याने चालू असताना ठोके द्यायचे आणि ऑफिसातल्या, यूपीएसवर चालणाऱ्या रिसिव्हरने ठोके मोजायचे. लागोपाठ तीन चुकले की भोंगा. भोंग्याचा रिले नेहमी ओढलेला ठेवा आणि भोंगा, त्याच्या स्वतंत्र बॅटरीसह, रिलेच्या नॉर्मली क्लोज, म्हणजे रिले सुटला की जुळणाऱ्या, संपर्कावर जोडा. रिसिव्हरची वीज गेली तरी भोंगा वाजलाच पाहिजे. फॅन मुद्दाम बंद केल्यावर बोंब होऊ नये म्हणून स्टार्टरचा एक मोकळा सहायक संपर्क रिसिव्हरला द्या : स्टार्टर चालू आणि ठोके बंद, तरच भोंगा, तोही फॅन सुरू केल्यावर पहिली ३० सेकंद सोडून.

प्रश्न : मे २०२५ मध्ये आमच्या भागातल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. असा सेन्सर असता तर आधी कळलं असतं का?
— कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. हा सेन्सर हवा हलते की नाही एवढंच सांगतो. धूर, उष्णता, वायू यांतलं काही तो ओळखत नाही. आगीसाठी धुराचे डिटेक्टर, रात्री कारखान्यात कुणी झोपत असेल तर त्या खोलीत वेगळा डिटेक्टर, आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी दुसरी वाट, याला पर्याय नाही. एक्झॉस्ट बंद पडल्याचं वेळेत कळलं तर रुई कमी साठते, तेवढीच त्याची मदत. धुराचा अलार्म वाजल्यावर एक्झॉस्ट चालू ठेवायचे की बंद करायचे हे अग्निशमन अधिकाऱ्यांकडून आधी ठरवून, लिहून भिंतीवर लावा. त्या क्षणी ठरवायचं म्हटलं तर कुणीतरी सवयीने फॅन चालू करतो.

प्रश्न : डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून पट्टीचा सेन्सर करायचा आहे. मापं, साहित्य आणि पायऱ्या द्याल का? सगळं सोलापुरात मिळेल का?
— विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्स, सोलापूर

उत्तर : या प्रकाराला ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. नावाला घाबरू नका, साहित्य पेटीत मावतं.

३ मिलिमीटर ॲक्रिलिकचे दोन तुकडे, प्रत्येकी १०० बाय ४० मिलिमीटर. २० मिलिमीटर रुंदीची तांब्याची चिकटपट्टी, ८० मिलिमीटरचे दोन तुकडे. ४ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, बाजूंना अंतर राखायला. आणि फिल्म : एफईपी किंवा पीटीएफई (दोन्ही टेफ्लॉनचेच प्रकार), २५ ते ५० मायक्रॉन. फिल्म बहुधा बाहेरून मागवावी लागेल, बाकीचं गावात मिळतं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप पीटीएफईचीच असते, पण ती ताणली की लांबते आणि दहा मिनिटांत तिची दोरी होते. दाखवण्यापुरती ठीक, मोजण्यापुरती नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली पिवळी कॅप्टॉन टेप चालते, मात्र तिच्या एका बाजूला गोंद असतो. दोन पट्ट्या गोंदाकडून एकमेकींना चिकटवल्या तर जाडी वाढते आणि ती जास्त वाऱ्यालाच हलते.

आधी तांब्याच्या पट्टीच्या टोकाला वायर सोल्डर करा, मगच ॲक्रिलिकवर चिकटवा. उलट केलं तर ॲक्रिलिक वितळून फुगतं. पट्टी नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासून सपाट करा. एक सुरकुती जरी राहिली तरी फिल्म तिथे अडकते, आणि कडा वर आली असेल तर फाटते. तांबं स्पिरिटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. हाताचं तेल म्हणजे चार्जचा शत्रू. फिल्म १५ मिलिमीटर रुंद कापा, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर मोकळे राहतील. कापायला नवं ब्लेड आणि स्टीलची पट्टी घ्या. कात्रीने कड लाटेसारखी होते आणि पट्टी एका बाजूला कलते. फिल्मचं फक्त एक टोक, जिकडून वारा येतो ते, दोन तुकड्यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे वर-खाली दोन-दोन मिलिमीटर सोडून, पकडा. दुसरं टोक पूर्ण मोकळं. आता दोन्ही तुकडे समोरासमोर, मध्ये ४ मिलिमीटरच्या पट्ट्या, कोपऱ्यांत चार नायलॉनचे स्क्रू. लोखंडी स्क्रू टाळा.

अशा पट्ट्या सहसा सेकंदाला काही मीटर वेग झाल्यावरच जाग्या होतात. टेबलफॅनसमोर हलली नाही तर फिल्म लांब करा किंवा अंतर थोडं वाढवा. फडफडते पण तांब्याला शिवत नाही असं दिसलं तर अंतर कमी करा. बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला की दोन्ही स्पष्ट दिसतं. हेअर ड्रायर वापरणार असाल तर थंड हवेवर. गरम हवा इतकी कोरडी असते की परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेला झकास आकडा परीक्षकांसमोर, जुलैच्या दमट दुपारी, निम्माही येत नाही.

म्हणून व्होल्टेजवरून वाऱ्याचा वेग सांगू नका, फडफडीच्या वारंवारतेवरून सांगा. व्होल्टेज आर्द्रतेने, धुळीने, फिल्मच्या वयाने बदलतं. वारंवारता वाऱ्याच्या वेगाबरोबर चढते आणि या गोष्टींकडे फारसं लक्ष देत नाही. खिशातल्या ॲनिमोमीटरने तीन-चार वेगांना वारंवारता टिपून आलेख काढा. सेन्सरपासून १० मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, तिथून १ मेगाओहम मालिकेत, पुढे दोन वन एन ४१४८ डायोड, एक ग्राउंडकडे आणि एक सप्लायकडे, आणि त्यापुढे सीडी ४०९३ हा श्मिट ट्रिगर आयसी. बाहेर चौकोनी पल्स मिळतात, ते कुठलाही मायक्रोकंट्रोलर मोजतो. वापरातल्या गेटची दुसरी इनपुट सप्लायला आणि न वापरलेल्या गेटच्या इनपुट ग्राउंडला जोडायला विसरू नका, सीमॉसला मोकळी इनपुट सहन होत नाही.

आणि एक सापळा. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सचं सर्किट भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ सहज पकडतं. टेबलफॅन बंद आहे, फिल्म पडून आहे, आणि स्क्रीनवर अगदी स्थिर ५० दिसतंय, तर तो वारा नाही, ट्यूबलाइट आहे. सर्किट पत्र्याच्या डबीत घाला, डबी ग्राउंड करा. त्यानंतर पुठ्ठ्याची चाचणी : फॅन चालूच ठेवून सेन्सरच्या तोंडापुढे पुठ्ठा धरा. पल्स थांबले पाहिजेत. थांबत नसतील तर टेबलाच्या कंपनाने फिल्म हलतेय. खाली रबर घाला.

प्रश्न : आम्ही असाच सेन्सर केला. सगळीकडे शंभर-दोनशे व्होल्ट लिहिलेले असतात, आमच्या मल्टिमीटरवर ०.३ सुद्धा येत नाही. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तासभर लावून ठेवला, तोही चार्ज होत नाही. कुठे चुकलं?
— दोन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बहुतेक सेन्सर बरोबर आहे, मोजणं चुकलं आहे.

वरच्या मापांच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमधली धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) काढा : जेमतेम साडेतीन पिकोफॅरड. मापयंत्राला जोडलेली एक मीटर शील्डेड केबल स्वतःच १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. चार्ज तेवढाच, तो आता तीसपट मोठ्या भांड्यात पसरला, म्हणजे व्होल्टेज तीसपट खाली. त्यात स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरचा आतला रेझिस्टन्स डीसीला साधारण १ मेगाओहम, एसीला त्याहून कमी. तो उरलेला चार्ज पिऊन टाकतो. वायर वीतभर ठेवा, ऑसिलोस्कोपचा प्रोब १०एक्सवर ठेवा, आणि तरीही दिसलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच समजा. शंभर व्होल्टचे आकडे फार मोठ्या रेझिस्टन्सच्या खास मापयंत्रांवर घेतलेले असतात.

कपॅसिटरचं पाहू. एका फडफडीत ५ नॅनोकूलंब चार्ज सरकतो असं धरा. सेकंदाला ५० फडफडी, दोन्ही अर्ध्या फेऱ्या ब्रिजने सरळ केल्या, तर सरासरी प्रवाह अर्धा मायक्रोअँपियर. १० मायक्रोफॅरड ३ व्होल्टपर्यंत न्यायला ३० मायक्रोकूलंब लागतात, म्हणजे साधारण मिनिटभर. तुमचा तासाभरात झाला नाही, कारण तुम्ही इलेक्ट्रोलिटिक लावला असणार. त्याच्या गळतीची मर्यादा उत्पादक साधारण ३ मायक्रोअँपियरपर्यंत देतात. अर्धा येतो आणि त्याच्या कितीतरी पट गळू शकतो, मग माठ भरणार कसा? पॉलिस्टर फिल्मचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. डायोड वन एन ४१४८ चालतील. वन एन ४००७ इथे नको, त्यांची स्वतःची धारिता तुमच्या सेन्सरपेक्षा मोठी.

आणि मल्टिमीटर कायम जोडून ठेवू नका. ३ व्होल्टला १ मेगाओहम म्हणजे ३ मायक्रोअँपियर, म्हणजे मापयंत्रच कपॅसिटर रिकामा करतंय. दोन मिनिटं चार्ज होऊ द्या, मग प्रोब टेकवा आणि दिसलेला पहिला आकडा लिहा.

प्रश्न : कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा फॅन वाऱ्यात धरून त्यावर ईएसपी ३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) चालवायचा, आणि कूलर बंद पडला की मोबाइलवर मेसेज, असा विचार आहे. फॅन फिरतो, पण वायरींवर शून्य येतं.
— वाचक, होटगी रोड

उत्तर : शून्यच येणार. त्या फॅनमध्ये ब्रश नसतात. आत कॉइल आणि बाहेरच्या दोन वायरींमध्ये चालक आयसी बसलेला असतो, तो उलट दिशेने काही सोडत नाही. स्टिकर काढून, प्लेट उघडून, कॉइलची टोकं थेट बाहेर काढली तर एसी मिळेल. नाहीतर डीव्हीडी ड्राइव्हची स्पिंडल मोटर घ्या : तीन फेजच्या तीन वायरी, सहा शॉट्की डायोड, वन एन ५८१९. खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर टाळा. ती मोकळी फिरताना मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जाते, म्हणजे हजार फेऱ्यांना जेमतेम ०.३ व्होल्ट देते, आणि साधा सिलिकॉन डायोडच ०.६-०.७ खातो.

वायफायचा हिशेबही आधी करा. नेटवर्कला जोडून एक मेसेज पाठवायला ईएसपीला दोन सेकंद, सरासरी ८० मिलिअँपियर धरले, तर सुमारे अर्धा ज्यूल लागतो. वरची भिंगरी ३० मिलिवॉट देत असेल तर १७-१८ सेकंदांत जमा होतो. ०.१ फॅरडचा सुपरकपॅसिटर ५ व्होल्टपासून ३.६ पर्यंत उतरताना ०.६ ज्यूल देतो, एवढ्यात एक मेसेज बसतो. हेच काम फडफडत्या पट्टीकडून करायचं म्हटलं तर तिचे दीड मायक्रोवॉट जमवायला चार दिवस लागतील, आणि सुपरकपॅसिटरची गळती तिच्या कमाईपेक्षा मोठी असल्याने चार दिवसांनीही हातात काही नसेल. ‘पट्टीवर वायफाय’ असं कुणी प्रदर्शनात दाखवत असेल तर टेबलाखाली बॅटरी बघा.

खरं सांगायचं तर तुमच्या कूलरजवळ प्लग आहे. तिथे ईएसपीला मोबाइलचा चार्जर लावा आणि भिंगरी फक्त पल्स देण्यापुरती वापरा. प्लग नाही तिथे नाण्यासारखा सीआर २०३२ सेल सरासरी १० मायक्रोअँपियरवर अडीच वर्षं जातो. सेन्सिंगसाठी वीज लागत नाही, हाच खरा फायदा. वाऱ्याने तार किती थंड होते यावरून वेग सांगणारा, तापवलेल्या तारेचा सेन्सर त्याच सेलला काही तासांत संपवेल.

प्रश्न : बेदाण्याच्या शेडमध्ये खालच्या जाळीवरचा माल उशिरा वाळतो. कुठल्या थरात हवा अडते ते कळायला असे बिनबॅटरीचे सेन्सर लावावेत का?
— बागायतदार, पंढरपूर तालुका

उत्तर : जाळ्यांच्या मधली हवा बऱ्याचदा सेकंदाला मीटरभरही सरकत नाही. त्या वेगाला १० चौरस सेंटिमीटरमधून जाणाऱ्या वाऱ्यात अर्धा मिलिवॉट असतो, आणि त्यातला फार छोटा भाग हाती लागतो. पट्टी तर हलणारच नाही. त्यातून वरच्या थरावरून डिपिंग ऑइलचे, म्हणजे द्राक्षं वाळत घालण्याआधी ज्यात बुडवतात त्या द्रावणाचे, थेंब गळत असतात. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएटचं ते मिश्रण फिल्मवर एकदा पडलं की चार्ज संपला. गंधकाच्या धुरीच्या खोलीत तर तांब्याची कुठलीच वस्तू ठेवू नका, सल्फर डायऑक्साइड आणि ओलावा मिळून ते खातात.

तुमचं काम स्वस्तात होतं. प्रत्येक थराला दोन ठिकाणी वीतभर रेशमी धागा किंवा कॅसेटची जुनी टेप बांधा आणि दुपारी दोन वाजता एका टोकाला उभं राहून बघा. जिथे सगळे धागे सरळ लोंबताहेत तिथे हवा मेली आहे. त्याच वेळी वरच्या आणि खालच्या थरात एकेक हायग्रोमीटर ठेवा. मार्चच्या कोरड्या दुपारी दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक राहत असेल तर खालच्या बाजूची शेडनेट हातभर वर घ्या, किंवा खालचे दोन थर विरळ भरा. मग वाटलं तर फॅन, आणि फॅन लावलात तर त्याच्या तोंडाशी भिंगरी.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. एक्झॉस्ट चालू आहे की नाही हे सांगणारा सेन्सर लावला तर पुरेसं होईल का?
— गृहिणी, सात रस्ता

उत्तर : पुरेसं होणार नाही, आणि खोटा दिलासा मिळेल. धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला ना रंग ना वास, आणि हवा हलत असूनही तो साठू शकतो. बंद दाराच्या बाथरूममध्ये जोराचा एक्झॉस्ट उलट गीझरचाच धूर खोलीत खेचतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत हलवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. ते होईपर्यंत बादली भरून गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर घ्या, मात्र तो गीझर हलवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मुलाला दमा आहे. श्वासावर चालणारे बिनबॅटरीचे सेन्सर मास्कमध्ये बसवतात असं वाचलं. रात्री त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायला घरी करता येईल का?
— पालक, विजापूर रोड

उत्तर : घरी केलेला सेन्सर यासाठी वापरू नका. प्रयोगशाळेत असे सेन्सर श्वासाचे ठोके मोजतात हे खरं आहे. पण बाहेर पडणारा श्वास जवळजवळ पूर्ण ओला असतो, अर्ध्या तासात फिल्म भिजते आणि सिग्नल मंदावतो. मग श्वास मंदावला की फिल्म, हे रात्री दोन वाजता कोण ठरवणार? मूल कुशीवर वळलं, मास्क सरकला, तरी तेच.

दम्यासाठी एक बिनबॅटरीचं वायुप्रवाह मापक कितीतरी वर्षांपासून औषधाच्या दुकानात मिळतं : पीक फ्लो मीटर. नळीत एकदा जोरात फुंकर मारायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, काटा पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो. आकडा मिनिटाला लिटरमध्ये. डॉक्टरांकडून मुलाचा स्वतःचा चांगला आकडा ठरवून घ्या. सकाळी आणि रात्री, औषधाच्या आधी, उभं राहून तीनदा फुंकायला लावा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा वहीत लिहा. फुंकण्याआधी काटा शून्यावर आणायचा आणि बोट काट्याच्या खाचेवर येऊ द्यायचं नाही. घरोघरी चुकतात ते या दोनच ठिकाणी.